मुशीच्या घरची पाहुणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. भाषणाच्या वेळी पडद्यावर फोटो दाखविण्यात आले होते.)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानाला बाहेरचे एखादे मोठे नाव बोलवायचे, ही आपल्या मंडळाची रीत. यंदा चिटणीसबाईंनी ती मोडली आणि "तूच बोल, तुझ्या त्या माशांवर" असा मला हुकूम सोडला. मी म्हटले, "अहो, मासे म्हटले की निम्म्या सभासद नाक मुरडतील." त्या म्हणाल्या, "खायला घालणार नाहीस ना? मग बोल!" तेव्हा ज्यांच्या घरी मासळी चालत नाही, त्यांनीही निर्धास्त बसावे. आजची मासळी फक्त पडद्यावर आहे.

मी बोलणार आहे शार्क माशाबद्दल. शार्क हे इंग्रजांचे नाव. आपल्या किनाऱ्यावर मुंबईकडे त्याला मुशी म्हणतात आणि मालवणकडे मोरी. या दुसऱ्या नावाने आमच्या घरी मोठी गंमत केली. "मला मोरीचा फोटो काढायचा आहे," असे मी एकदा जेवताना बोलून गेले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आधी ती घासून घे. मग काढ." म्हणून आज मी मुशी हेच नाव वापरणार आहे.

मी भूगोलाची शिक्षिका. अठ्ठावीस वर्षे मी फळ्यावर प्रवाळ बेटे काढली. पांढऱ्या खडूने एक वर्तुळ काढायचे, मध्ये निळा खडू फिरवायचा आणि खाली लिहायचे, "कंकणद्वीप". एके वर्षी पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "बाई, तुम्ही पाहिलंय का हो?" मी नाही म्हणाले. तशी ती म्हणाली, "मग तिथले शार्क माणसं खातात, हे तुम्हाला कसं माहीत?" वर्ग हसला, मीही हसले. पण घरी येताना मनात आले, पोरीचे काय चुकले? जे मी पाहिले नाही, ज्याबद्दल नीट वाचलेही नाही, त्याचे भय मात्र मी वर्षानुवर्षे मुलींच्या वह्यांत उतरवून देत होते.

पाहायचे म्हणजे पाण्यात उतरणे आले. माझा सारा जन्म गोदाकाठी गेला. पण रामकुंडात गुडघ्यापलीकडे मी कधी उतरले नव्हते. २०१५ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, महापालिकेच्या सावरकर जलतरण तलावावर नाव घातले. माझ्या तुकडीतल्या इतर विद्यार्थिनी सात-आठ वर्षांच्या. त्या मला "आजी, पाय मारा, पाय मारा" असे ओरडून धीर देत. चार महिन्यांनी मी तलाव आडवा पार केला, तेव्हा त्या चिमण्यांनी टाळ्या वाजवल्या. तसा सत्कार माझा शाळेतही झाला नव्हता.

पुढे २०१७ साली तारकर्लीला गेले. तेथे आपल्या पर्यटन महामंडळाचे स्कूबा डायव्हिंगचे, म्हणजे पाठीवर हवेचे नळकांडे बांधून बुडी मारण्याचे, शिक्षण मिळते. नळकांड्यात नुसता ऑक्सिजन असतो, असा पुष्कळांचा समज आहे, तसे नाही. त्यात आपली नेहमीचीच हवा असते, फक्त दाबून भरलेली. हे साधन फ्रान्समध्ये १९४३ साली कुस्तो आणि गान्यां या दोघांनी सिद्ध केले. शिकवणारा मालवणचा तरुण मला पहिल्या दिवसापासून एकच मंत्र देत होता : "काकी, श्वास कोंडायचा नाही." दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. खाली घेतलेला श्वास छातीत कोंडून माणूस वर येऊ लागला, तर ती हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा करते. भ्यालेला माणूस नेमका श्वास कोंडतो. म्हणून पाण्याखाली शिकण्याची पहिली गोष्ट पोहणे नव्हे. भीती वाटली तरी श्वास चालू ठेवणे, ही होय. मैत्रिणींनो, हे वाक्य मी पाण्याबाहेरही फार वापरले आहे.

आता प्रवाळ म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. आपल्या दागिन्यांतले पोवळे ठाऊक आहे ना? त्याच कुळातले हे बारीक जीव. ते चुन्याची घरे बांधतात, मरतात, त्यावर पुढची पिढी बांधते. अशा हजारो वर्षांच्या बांधकामातून समुद्रात भिंती उठतात. आपल्या महाराष्ट्रापुढेही अशी एक जागा आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्रात एक बुडालेले पठार आहे. त्याचा माथाही पाण्याखाली वीस मीटर आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. तेथवर जाणे माझ्यासारखीला सोपे नव्हते. म्हणून मी त्याच अरबी समुद्रात, पण दक्षिणेला, लक्षद्वीपला जायचे ठरवले.

२०१८ च्या जानेवारीत परवाना मिळाला. कोचीहून बोटीने कदमत बेटावर पोचले. बेट नऊ किलोमीटर लांब आणि रुंदीला जेमतेम अर्धा किलोमीटर. मधोमध उभे राहिले तर दोन्हीकडचा समुद्र ऐकू येतो. पश्चिमेला उथळ, हिरवट खाजण-सरोवर आणि त्यापलीकडे प्रवाळाची भिंत. अठ्ठावीस वर्षे फळ्यावर काढलेला तो निळा खडू प्रत्यक्ष पाहिला, तेव्हा मला एकदम माझे सगळे वर्ग आठवले.

पाण्याखाली बोलता येत नाही, खुणांनी सांगावे लागते. शार्क दिसला की पंजा उभा करून कपाळाला लावायचा. जणू एका हाताचा नमस्कार! तिसऱ्या दिवशी चौदा मीटर खोलीवर आमच्या मार्गदर्शकाने हात कपाळाला लावला आणि एका कपारीकडे बोट दाखवले.

कपारीत ती वाळूवर पडून होती. पाठीवरच्या पराचे टोक पांढरे, म्हणून तिला पांढऱ्या टोकाची मुशी म्हणू. मला ती सात फुटांची वाटली. बोटीवर आल्यावर मार्गदर्शक हसून म्हणाला, "साडेचार फूट." खोटे मीही बोलत नव्हते. मुखवट्याच्या काचेतून पाहिले की पाण्यात प्रत्येक वस्तू सुमारे एकतृतीयांश मोठी आणि एकचतुर्थांश जवळ दिसते. मग मनातली भीती त्यात आणखी भर घालते. पाणी आणि भीती, दोघींचा हा गुण सारखाच.

तर त्या दिवशी मी भ्याले का? खरे सांगते, भीतीपेक्षा हाव मोठी ठरली. एवढ्या लांबून आले, एवढा खर्च केला, आता फोटो मिळालाच पाहिजे! मी पाय मारत, कॅमेरा पुढे धरून, सरळ कपारीकडे झेपावले. मुशीने डोळा वळवला. मांजरासारखी उभी बाहुली असते तिची. आणि कपारीच्या दुसऱ्या तोंडाने ती निघून गेली. मी मागे धावले. परिणाम एवढाच झाला की मला धाप लागली, हवेचा काटा भराभर खाली आला आणि सगळ्यांचीच बुडी माझ्यामुळे अर्ध्यावर संपली. तो हा पहिला फोटो पाहा. डाव्या कोपऱ्यात जे करडे फटकारे दिसतात, ती शेपूट. बाकी सगळा गढूळपणा माझा.

मार्गदर्शक बेटावरचाच विशीतला मुलगा. मोडक्या हिंदीत तो म्हणाला, "मॅडम, ती झोपली होती. तुम्ही तिच्या घरात धावत शिरलात." मी गप्प झाले. मैत्रिणींनो, आपण हळदीकुंकवाला कोणाकडे गेलो, तर उंबऱ्यावर थांबतो. "या" म्हटल्यावर आत जातो. सरळ माजघरात शिरून झोपलेल्या माणसाच्या तोंडावर दिवा धरत नाही. हा साधा शिष्टाचार मला पन्नाशी उलटल्यावर एका मुलाने शिकवावा, याची लाज वाटली.

मग मी दोन दिवस बुडी मारलीच नाही. खाजणाच्या कमरेएवढ्या पाण्यात नुसती उभी राहिले. तेथे काळ्या टोकाच्या मुशीची पिले फिरतात, हातभर लांबीची. मोठ्या माशांच्या तोंडी पडू नये म्हणून ती उथळ पाण्यात राहतात. ती त्यांची बालवाडीच म्हणा. मी हलले की ती पसार होत. मी खांबासारखी उभी राहिले की दहा मिनिटांत परत येत. ज्यांना मी वर्गात माणूसखाऊ म्हणत होते, ती माझ्या पायाच्या बोटाला भीत होती.

आता फोटोच्या कामाबद्दल थोडे. कॅमेरा एका बंद पेटीत घालावा लागतो. पेटीला रबरी कडे असते, अगदी आपल्या कुकरच्या रिंगसारखे. त्यात एक केस जरी अडकला तरी पाणी आत शिरते आणि कॅमेरा जातो. म्हणून रोज रात्री मी ते कडे पुसत बसे. दुसरी अडचण रंगांची. पाणी सर्वांत आधी तांबडा रंग गिळते. माझ्या मनगटावरचा तांबडा दोरा दहा-बारा मीटरवर तपकिरी आणि पुढे काळपट दिसू लागे. सगळे जग निळे-करडे होते. फ्लॅश टाकला तर रंग परततात. पण पाण्यातले बारीक कणही उजळतात, कवडशात धूळ चमकावी तसे. शिवाय मुशीचे पोट पांढरे असते, ते झगझगून फोटो फिका पडतो. वरून पाहणाऱ्याला पाठ समुद्रासारखी गडद आणि खालून पाहणाऱ्याला पोट आकाशासारखे फिके, अशी तिला निसर्गाने दिलेली ही लपण्याची युक्ती आहे. म्हणून दुरून फ्लॅश टाकायचा नाही. आपल्या बुडबुड्यांचा आवाजही तिला आवडत नाही. तेव्हा श्वास कोंडायचा नाही, पण सोडायचा अगदी सावकाश. आणि मुख्य म्हणजे तिच्या मागे जायचे नाही. वाळूवर बसायचे आणि वाट पाहायची. तिला यायचे असेल तर ती येईल.

हे सारे नवे ज्ञान मी घेऊन आले, असा कोणाचा समज होऊ नये. आपल्या आधी या वाटेने बायका गेल्या आहेत आणि त्यांना वाट सहजी मिळाली नाही. व्हिएन्नाची लोटे हास ही आरंभी हान्स हास नावाच्या पाणबुड्या संशोधकाची चिटणीस होती. मोहिमेवर बाई नको, असे त्याचे म्हणणे. तिने त्याचाच कॅमेरा घेऊन डॅन्यूबच्या पाण्यात फोटो काढले आणि आपली योग्यता सिद्ध केली. १९५० साली ती लाल समुद्रावरच्या मोहिमेत उतरली. त्यावर निघालेल्या चित्रपटाला १९५१ साली व्हेनिसला पारितोषिक मिळाले. अमेरिकेत यूजिनी क्लार्क या विदुषीने १९५० नंतरच्या दशकात फ्लोरिडात मुशींची शाळाच भरवली. पाण्यातली फळी नाकाने ढकलली की खाऊ मिळतो, हे त्या मुशी शिकल्या आणि हिवाळ्याच्या सुट्टीनंतरही विसरल्या नाहीत. सुट्टीनंतरची आमची वर्गातली स्थिती मला ठाऊक असल्याने मला या मुशींचे विशेष कौतुक वाटते! तिसरी ऑस्ट्रेलियाची व्हॅलरी टेलर. तिने आणि तिच्या पतीने 'जॉज' या १९७५ सालच्या चित्रपटासाठी खऱ्या शार्कचे चित्रण केले. त्या चित्रपटाने जगभर शार्कची दहशत बसवली. त्याचे दोघांनाही वाईट वाटले आणि पुढे त्यांनी शार्कच्या रक्षणाचे काम केले. ज्याच्या कादंबरीवर तो चित्रपट निघाला, त्या पीटर बेंचलीनेही पुढचे आयुष्य त्याच कामी लावले.

या दहशतीचा हिशेबही पाहा. साऱ्या जगात शार्कने विनाकारण माणसाला चावल्याच्या घटना वर्षाला साधारण साठ-सत्तर नोंदल्या जातात. त्यांत दगावणारे बहुधा दहाच्या आत. याउलट आपल्या एकट्या भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तरी आपण नागपंचमीला नागाची पूजा करतो. त्याचा मान राखावा, त्याच्या वाटेला जाऊ नये, एवढे शहाणपण आपल्या आज्या-पणज्यांनी सणात गुंफून ठेवले. मुशीच्या वाट्याला असा सण आला नाही, एवढाच फरक.

पण मान राखायचा म्हणजे ती पाळीव मांजर समजायची नाही, हेही सांगितले पाहिजे. २०२० च्या फेब्रुवारीत मी पुन्हा कदमतला गेले. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, जेथून समुद्र एकदम खोल होतो, तेथे करडी मुशी भेटली. ही अंगाने भरदार. तिने एक वळसा घेतला, दुसरा घेतला आणि मग तिची चाल बदलली. पाठ कमानीसारखी वाकली, छातीजवळचे पर खाली पडले आणि ती अंग झोकून पोहू लागली. "पुरे, आता मागे व्हा," असे करडी मुशी या पवित्र्याने सांगते. हे न समजता तिच्या पुढे जाणाऱ्यांना, फोटोच्या नादात फ्लॅश उडविणाऱ्यांना, तिने चावल्याचीही उदाहरणे आहेत. असा फोटो आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हता. मी कॅमेरा छातीशी घेतला आणि तिच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरले. तो फोटो मी आज तुम्हाला दाखवू शकत नाही, कारण तो मी काढलाच नाही. पण माझ्या साऱ्या फोटोंत तोच मला सर्वांत चांगला वाटतो.

दुसऱ्या दिवशी मी बारा मीटरवर वाळूत बसून राहिले. दहा मिनिटे गेली, पंधरा गेली. विसाव्या मिनिटाला पांढऱ्या टोकाची मुशी समोरून आली. घाई नाही, रोष नाही. एखादी शेजारीण पाणी भरायला निघावी तशी आली, माझ्याकडे पाहिले, हातभर अंतरावरून गेली. नराची खूण अंगावर नव्हती, म्हणजे मादी. मी तीन फोटो घेतले. माझा श्वास चालू होता. डोळ्यांत मात्र मुखवट्याच्या आत पाणी आले.

संध्याकाळी खोलीवर येऊन फोटो मोठा करून पाहिला. आता तुम्हीही पाहा. तोंडाच्या उजव्या कोपऱ्याकडे पाहा. ते गवताचे पाते नव्हे. तो गळ आहे, गंजलेला, आणि त्याला वीतभर तुटकी दोरी. पाण्याखाली मला तो दिसलाच नव्हता. फोटो चांगला आला म्हणून झालेला आनंद तेथेच थांबला. इतकी वर्षे मी विचार करत होते की ती मला काय करील. तिला आम्ही काय केले आहे, हे तिच्या तोंडातच लिहिले होते. गळ कोणाचा, ते सांगता येत नाही. गळावर नाव नसते.

ही हकीकत येथेच संपवली असती तर सोपे झाले असते. आपण सगळ्यांनी हळहळून चहाला उठलो असतो. पण २०२१ च्या नोव्हेंबरात मी मालवणला गेले आणि तेथील मासळीबाजारात एका कोळीणबाईपुढे उभी राहिले. साठीच्या असाव्यात. त्या मोरी कापत होत्या. गिऱ्हाईक एक आई होती. मुलगी बाळंत झाली होती आणि तिला दूध यावे म्हणून मोरीचे कालवण करायचे होते. किनाऱ्यावर हा जुना समज आहे. एका जातीचे तर इंग्रजीत नावच "दूध-शार्क" असे पडले आहे. बाईंनी मोरीचे पोट फाडले आणि आतून दोन पिले निघाली, नाळेसकट.

होय मैत्रिणींनो, नाळेसकट. मुशीचे हाड नसते, सगळा सांगाडा कूर्चेचा, आपल्या कानाच्या वरच्या भागासारखा. ती मासाच आहे. पण तिच्या पुष्कळ जाती अंडी घालत नाहीत. पिलू पोटात वाढते, नाळेने आणि वारेने आईशी बांधलेले असते, जसे आपले. मी पाहिलेल्या तिन्ही जाती अशाच. बांगडा-सुरमईसारखे मासे हजारोंनी, लाखांनी अंडी सोडतात. पांढऱ्या टोकाच्या मुशीला एका वेळी साधारण दोन-तीन पिले. करडी मुशी वयात यायलाच सुमारे सात वर्षे घेते आणि तिचे गरोदरपण जवळजवळ वर्षभराचे. अशा प्राण्याची खोट लवकर भरून निघत नाही.

एका बाळंतिणीसाठी दुसरी बाळंतीण कापली जात होती, आणि मला कोणाचाच राग येईना. मी मोबाइलवर माझा फोटो त्या बाईंना दाखवला. मी काही बोलण्याआधीच त्यांनी गळावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "सुटली बिचारी!" जे मला फोटो मोठा केल्यावर दिसले, ते त्यांना एका नजरेत दिसले. मग त्या आपणहून म्हणाल्या की, हल्ली मोठी मोरी क्वचित येते, येतात त्या अशाच लहान. मी विचारले, "मग पुढे कसे?" त्यांनी सुरी पुसली आणि म्हणाल्या, "पुढचे पुढे. आज पाटी रिकामी नेली तर घरी काय सांगू?"

मी त्यांना उपदेश केला नाही. माझे पेन्शन पहिल्या तारखेला बँकेत जमा होते. त्यांचे, पाटीत येईल ते. पण मुशी संपली तर पहिली रिकामी पाटी त्यांचीच असणार, हेही खरे. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत आणि मला त्यांचा मेळ घालता आलेला नाही. तुमच्यापुढे तो घातल्याचा आव आणणार नाही.

सरकारने काही पावले उचलली आहेत. व्हेल शार्क हा अजस्र पण निरुपद्रवी मासा आणि आणखी काही जाती २००१ साली संरक्षित झाल्या. २०१५ साली शार्कचे पर परदेशी पाठविण्यास बंदी झाली. चीनकडे त्या परांचे सार करतात म्हणून त्यांना मोठी किंमत येई. २०२२ साली पनामा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मी सांगितलेल्या मुशींचे सारे कुळच व्यापारावरच्या नियंत्रणाखाली आणण्याचा ठराव झाला. आणि फोटोचा उपयोग केवळ हौसेचा नाही बरे का! जगातील ५८ देशांत ३७१ प्रवाळभित्तींवर पाण्याखाली कॅमेरे ठेवून शास्त्रज्ञांनी मुशी मोजल्या. २०२० साली निष्कर्ष निघाला : जवळजवळ पाचव्या हिश्श्याच्या भित्तींवर कॅमेऱ्यासमोर एकही मुशी आली नाही. तेथे कोणी माझ्यासारखी वाळूत बसून राहिली, तर बसूनच राहील.

"नाशिकला समुद्र कोठे आहे? आमचा यात काय संबंध?" असे कोणी विचारील. आपली गोदावरी पश्चिम समुद्राच्या एवढी जवळ उगम पावते, आणि तरी पाठ फिरवून १४६५ किलोमीटर चालत पूर्व समुद्राला जाते. आपण पुलावरून टाकलेली निर्माल्याची प्लास्टिक पिशवीही तिच्याबरोबर निघते. ती कोठेतरी पोचतेच. तेव्हा माझे मागणे तीनच गोष्टींचे आहे. निर्माल्य पिशवीतून नदीत टाकू नका. ज्यांच्या घरी मासळी होते, त्यांनी हातभर लांबीची मुशी घेऊ नये. गिऱ्हाईक थांबले तर हळूहळू पाटीही बदलते. आणि तिसरे, नातवंडांना गोष्ट सांगताना शार्कला राक्षस करू नका. ज्याला आपण राक्षस म्हणतो, त्याच्या तोंडातला गळ आपल्याला दिसत नाही.

मी स्वतः मुशी खाणे सोडले. सासूबाईंनी कारण विचारले. मी त्यांना हा फोटो दाखवला. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, हिच्या तोंडातलं ते काढलं का नाहीस?" मला उत्तर देता आले नाही. काढता आले नसते, हे खरे. पण ते मनात आलेही नाही, कारण मी फोटोच काढत होते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, कधी समुद्र न पाहिलेल्या त्या बाईला जे आधी सुचले, ते मला सुचले नव्हते.

पहिल्या बाकावरची ती मुलगी आता कोठे असते, ठाऊक नाही. भेटली तर तिला सांगेन, "बाई, आता मी पाहिलंय. तुझी शंका बरोबर होती."